तिला येता येत न्हाई

प्रिय प्रशांत,

चारचौघांत मी तुला अहो म्हणते आणि कागदावर तू. लग्नाआधीची सवय आहे, ती तशीच राहू दे. पत्र बघून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते, माझी तब्येत चांगली आहे. फोनवर हे बोलता आलं असतं, पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. गॅस आला का, बीपीच्या गोळ्या संपल्या का, दुकानापुढच्या पुलाचं काम कुठवर आलं, आणि मग ‘बरं, ठेवू का?’ असं दोघांपैकी कुणीतरी म्हणतं. दुसरं काही बोलायला घेतलं की तुझ्याकडच्या मोटारींचा आवाज वाढतो, नाहीतर माझ्याकडची रेंज जाते. कागदाला तेवढी तरी सोय आहे. मधे कुणी ठेवून देत नाही.

सांगलीतली माझी खोली तू शेवटची पाहिलीस तेव्हा बाल्कनीत तुळस होती. ती वाळली. मी आठवड्यातले चार दिवस जत, आटपाडी, कवठे महांकाळ असं फिरत असते, पाणी कोण घालणार? घरमालकीण बाई चांगल्या आहेत, सणाला ताट पाठवतात. ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून मी त्यात साखर घालून देते. एवढाच काय तो आमचा संसार. सुरुवातीला तू दर शनिवारी मलकापूरहून यायचास. मग एक शनिवार आड, मग सणासुदीला, आणि मिरजेच्या दवाखान्यातून मला घरी सोडल्यानंतर तू आलास तो एकदाच, माझी राहिलेली भांडी पोचवायला. मी तक्रार करत नाही. मीही मलकापूरला आले नाहीच. आपण दोघांनीही कामाचं निमित्त सांगितलं आणि दोघांनाही ते पटलं.

काम मात्र खरंच होतं. जिल्ह्यातल्या शाळांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे टॅब द्यायचे ठरले आणि त्याची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. शाळा निवडायच्या, शिक्षक तयार करायचे, वर अहवाल द्यायचा. टॅबमधून एक बाई मराठीत बोलते, मुलांचं वाचन ऐकते, चुकलं तर समजावते, काहीही विचारलं तरी उत्तर देते. मुलं तिला ‘टॅबची बाई’ म्हणतात. आधी तिला आमच्या पूर्वेकडची बोली कळायची नाही. पोरगं ‘न्हाई’ म्हणालं की ती ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणायची. त्यावरून मी कंपनीच्या लोकांशी भांडले, तेव्हा ते सुधारलं. आणि खरं सांगू? गुण येतो. ढालगावच्या बाजूला एक मुलगी आहे, तोतरी बोलते म्हणून तीन वर्षं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. टॅबच्या बाईपुढं ती धडा वाचायला लागली, कारण ती बाई घाई करत नाही आणि हसत नाही. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. तुला सांगायला फोन लावला, तर तू म्हणालास, गिऱ्हाईक आलंय, मग करतो.

मार्गशीर्षात मुंबईहून पाहुणे प्रात्यक्षिक बघायला येणार होते. मी कवठे महांकाळ तालुक्यातली माळावरची एक शाळा निवडली, आठवीपर्यंतची. धनगरवस्ती, आपल्याच लोकांची. पोरांचे आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरतात आणि पोरं म्हाताऱ्यांजवळ राहून शाळा करतात. तिथं हे चाललं तर कुठंही चालेल, असं मला दाखवायचं होतं. मुख्याध्यापक लालासाहेब सरांनी आवार सारवून रांगोळी काढून घेतली होती. आठवीच्या सोनिया नावाच्या मुलीनं टॅबला ग्रहणाविषयी विचारायचं, असं ठरलं होतं. हुशार, उंच, दोन वेण्या घातलेली पोरगी. पाहुणे बसले, माझे साहेब बसले, मोबाइल वर झाले. सोनियानं टॅब हातात घेतला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, “बाई, माजं वय चौदा हाय. परवा दिशी माजं लगीन हाय. ते थांबवायला काय करायचं?”

टॅबची बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे, त्याआधी लग्न लावणं गुन्हा आहे, एक शून्य नऊ आठ या क्रमांकावर फोन कर, किंवा तुझ्या विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांग. एक शब्द चुकला नाही. मग सोनियानं मान वर केली आणि आमच्याकडं बघितलं. एकेकाकडं, ओळीनं. विश्वासातलं मोठं माणूस कुठं दिसतंय का, ते ती शोधत होती, प्रशांत. लालासाहेब सर हसून म्हणाले, “लय हुशार पोरगी हाय. कायद्याचा प्रश्न काढला बघा.” त्यावर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. माझेही हात वर आले होते, ते तसेच राहिले.

चहापाणी झालं, नारळ-शाली झाल्या, आम्ही गाडीत बसलो. फाट्यापर्यंत आल्यावर मी साहेबांना म्हटलं, मला उतरू द्या. ते म्हणाले, “मॅडम, आज पाहुणे आहेत. उद्या रीतसर पत्र काढू.” मी म्हटलं, साहेब, लग्न परवा आहे. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी उतरले आणि बेदाण्याच्या शेडवरून मागं चालत गेले. हे शौर्य म्हणून सांगत नाही. गाडी गेल्यावर मला चांगलीच भीती वाटली होती.

सोनिया शाळेच्या हापशावर हात धूत होती. मी विचारलं, सरांना सांगितलं नव्हतंस का? म्हणाली, “सांगितलं की. सर म्हनले, घरात इचारतो. घरच्यांनीच तर ठरीवलंय.” मग मी विचारलं, एवढ्या लोकांत टॅबला का विचारलंस? तिनं हात फ्रॉकला पुसले. “तिला आदी बी इचारलं व्हतं, एकटीनं. लय डाव. ती बरूबर सांगती वो, कवाबी इचारा. पन तिला येता येत न्हाई. म्हनून समद्यांम्होरं इचारलं. म्हनलं, कुनाला तरी येता येत आसंल.”

मी तिच्याबरोबर घरी गेले. तिचा बाप, बाळासो, लग्नापुरता कळप भावकीवर सोपवून आला होता. दारात मांडवाचे बांबू पडले होते. मला वाटलं होतं, एखादा हट्टी, तापट माणूस समोर येईल. तसा तो नव्हता. त्यानं मला घोंगडं टाकून दिलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, “आवं मॅडम, आमी दोगं मेंढरामागं आठ-आठ म्हैनं. म्हातारीला आता दिसंना झालंय. वाढती पोर हितं एकटी माळावर. काय इपरीत झालं, तर कोन येनार हाय? तुमी?” तो पोरीचा वैरी नव्हता. त्याला भीती होती आणि त्या भीतीवर त्याच्या माहितीतला एकच उपाय होता. मी कायदा सांगितला, दहावीपर्यंतच्या वसतिगृहाचं सांगितलं. तो ऐकत होता, पण नवऱ्यामुलाकडचे आले आणि आवाज चढले. शेवटी मी त्याच एक शून्य नऊ आठला फोन लावला. ग्रामसेवक आले, पोलीस आले, दोन्हीकडून लेखी घेतलं. मांडवाचे बांबू तसेच पडून राहिले.

निघताना सोनियाची आजी, रंगुबाई, चाचपडत पुढं आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, “आपल्यातली हाईस ना गं तू? तुला किती ल्योकरं?” मी म्हटलं, नाहीत, आजी. तिनं हात सोडला. “तरीच,” म्हणाली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते आहे, कारण हा शब्द कुठं लागला ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

लग्न पुन्हा गुपचूप लावतील या धास्तीनं बालकल्याण समितीनं सोनियाला सांगलीतल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. इकडं ऑफिसात मला कुणी काही बोललं नाही, फक्त बोलणं कमी झालं. डबा खाताना टेबलाशी जागा असली तरी लोक उभ्यानं खातात. लालासाहेब सर मला टाळतात. त्या वस्तीत माझी गाडी दिसली की बायका आत जातात. आणि गंमत अशी की, त्या दिवशीची चित्रफीत आता प्रत्येक सादरीकरणात दाखवतात. मुलगी प्रश्न विचारते, बाई उत्तर देते, टाळ्या होतात. तिथं ती संपते. पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या लोकांपुढं ती मीच दाखवायची आहे. मी वर लिहून दिलंय, की टॅब असलेल्या प्रत्येक शाळेत महिन्यातून दोनदा तरी एक बाईमाणूस जाऊन पोरींशी बोलेल अशी सोय करा. प्रश्न ऐकणारी बाई तुम्ही दिलीत, आता येणारी द्या. फाइल अजून फिरते आहे. मी पाठ सोडलेली नाही.

रविवारी मी सोनियाला भेटायला जाते. तुला वाटेल, ती माझ्या गळ्यात पडत असेल. पहिले दीड-दोन महिने ती माझ्याशी बोललीच नाही. मी नेलेली केळी दुसऱ्या मुलींना वाटून टाकायची. एकदा मीच कळवळून विचारलं, तर म्हणाली, “लगीन थांबवा म्हनलं व्हतं म्या. घर सोडवा म्हनलं न्हवतं.” बरोबरच होतं. आई एकदा येऊन गेली, बाप आला नाही. रात्री तिला मेंढरांचा आवाज नसल्यामुळं झोप येत नाही म्हणे. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. दुसरं काय करणार? मला येता येतं, एवढंच माझ्याकडं होतं.

हळूहळू ती बोलायला लागली. मेंढरांची नावं सांगितली, कुठल्या वाटेनं कळप कुठं उतरतो ते सांगितलं. गणितात जिल्ह्याच्या परीक्षेला बसायचं म्हणते. मागच्या रविवारी आम्ही बाकावर बसलो होतो. तिनं एकदम विचारलं, “म्याडम, तुमी येकट्याच ऱ्हाताय? मंग जेवताय कुनाबरं?” मी हसून काहीतरी सांगितलं. पण खोलीवर आल्यावर ताट वाढून घेतलं आणि हात पुढं जाईना. दवाखान्यातून आल्यापासून मी कुणाबरोबर जेवले, ते आठवत बसले. आठवलं नाही. तू तिकडं कसा जेवतोस, प्रशांत? दुकानातच, उभ्यानं? आपण ते बाळ गेलं त्याबद्दल एकमेकांना एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं, मी मोडेन. मला वाटलं, तू मोडशील. दोघंही सावरून राहिलो आणि इतके लांब गेलो, की आता हाक मारायची तरी काय म्हणून, हेच कळत नाही.

आता पत्राचं कारण सांगते. मे महिन्यात वसतिगृह बंद होतं. पोरी घरी जातात. सोनियाचे आईबाप पाऊस पडल्याशिवाय माळावर परतत नाहीत आणि आजीजवळ एकटी ठेवायला समिती तयार नाही. माझ्या या एका खोलीत तिला ठेवून मी दिवसभर तालुके फिरणार, त्यालाही अर्थ नाही. मी समितीपुढं म्हणाले, मलकापूरला आमचं घर आहे. मागं पेरूचं झाड आहे, शेजारी माणसं आहेत, मी सुट्टी काढून तिथं राहीन. बाळासोलाही मी स्वतः जाऊन विचारलं, नीरेकाठाला, कळपात. काठीनं माती उकरत तो म्हणाला, “तुमच्या मालकास्नी चालतंय का, ते आदी इचारा.” मला वाटतं, आजवर मला इतकं नेमकं कुणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात समितीच्या एक बाई घर बघायला येतील. चूल-संडास बघतील, शेजाऱ्यांकडं चौकशी करतील. तुला एकच गोष्ट विचारतील, तुम्ही दोघं एकत्र राहता का. त्यांनी मला आधीच विचारलं आणि मी ‘हो’ म्हणून बसले आहे. मी खरं बोलले की खोटं, ते आता तू ठरवायचं आहेस.

तुझीच,
मंगल