एका माणसाचं कुटुंब

छत्रपती संभाजीनगर
४ मे २०२५

चि. विश्वजीत यास अ. आ.

मोबाइलवर लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून टपालानं लिहिते आहे. आमच्या सोसायटीला तू जो प्रोग्राम करून दिलास, त्यानं घरांची यादी छापली. इतरांपुढं 'कुटुंब : ४ माणसं', 'कुटुंब : २ माणसं'. माझ्यापुढं नुसतं 'एकटी व्यक्ती'. अध्यक्ष खंडेरावांना आयतंच सापडलं. पाण्याचा टँकर सकाळी यावा की दुपारी, हे १८ तारखेच्या सभेत ठरणार, आणि दर कुटुंबाला एक मत. एकट्यांची सहा घरं त्यांनी वगळली. म्हणे, यादीच तसं सांगते. शेजारच्या द्वारकाबाईंनी सत्तरीत भर दुपारी बादल्या ओढायच्या का? तीस वर्षं मी हे घर चालवलं, ते काय लॉज होतं? यादी दुरुस्त कर. सोनियाला आशीर्वाद.

लोभ आहेच, पण आज राग वरचढ आहे.

तुझी
सत्यभामाआत्या

पुणे
११ मे २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चूक प्रोग्रामची नाही, माझी. एकच जण असेल तिथं 'माणसं'ऐवजी 'माणूस' छापायचं, एवढंच काम होतं. पण एकापुढं 'कुटुंब' लिहायला हात धजेना. सोनिया मार्चमध्येच माहेरी गेली, परत येणार नाही म्हणाली. तुला कळवायचा धीर झाला नाही.

यादी बदलली आहे. आता प्रत्येक घर कुटुंब म्हणूनच छापलं जाईल. पण खंडेरावकाका म्हणतात, कमिटीनं जुनी यादी मंजूर केली, सभेत तीच चालणार.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
विश्वजीत

छत्रपती संभाजीनगर
१९ मे २०२५

चि. विश्वजीत यास अ. आ.

काल आम्ही सहाही जण पहिल्या रांगेत जाऊन बसलो. एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर कडुबा वाटेत म्हणत होते, बाई, उगं लई ताणू नका. खंडेरावांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ज्याला आमचं घर कुटुंब वाटत नाही, त्यानं रोज दुपारी येऊन आमचं पाणी भरून द्यावं. कोणी उठलं नाही. मग खंडेरावांना आमचे सहा धरूनच हात मोजावे लागले. चार मतांनी टँकर सकाळी.

आता तुझं. सोनिया गेली याचं वाईट वाटलं, तू लपवलंस याचं जास्त. पण तुझं घर कुठं गेलेलं नाही. या लिफाफ्यावर मी 'विश्वजीत जाधव कुटुंब' असंच लिहिलं आहे. कुटुंबात कोण कोण, असं पोस्टमननं विचारलं, तर मान खाली न घालता सांग, मी.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी
सत्यभामाआत्या