खंडेनवमीला तुम्ही दिसला नाहीत

अप्पा, या खंडेनवमीला तुम्ही दिसला नाहीत. आईने सगळं नेहमीसारखंच केलं होतं. शिलाई मशीन पुसून त्याला झेंडूची माळ घातली. कात्री, माझा स्पॅनर, स्वयंपाकघरातली विळी आणि मापं घ्यायचा तुमचा जुना व्हर्नियर पाटावर मांडून सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग पदराला हात पुसत टीव्हीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "लाव." मी रिमोट घेतला, सिनेमाचं नाव टाकलं. ॲपने तुमच्या सिनेमाऐवजी भलतेच सहा सिनेमे दाखवले आणि खाली लिहिलं, 'तुम्हाला हेही आवडेल.' मी नाव पुन्हा टाकलं. माझं लिहिण्यात सहसा चुकत नाही, तुम्हाला माहीत नसेल पण आता नाही चुकत. तरी तिसऱ्यांदा एकेक अक्षर बघून टाकलं. आई मागून म्हणाली, "नेट नसेल." नेट होतं, अप्पा. तुम्ही नव्हता.

तुम्ही गेल्यावर त्या सिनेमाचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. भोसरीत पत्रा दाबायच्या मशिनांच्या एका बंद पडलेल्या प्रेस शॉपमध्ये त्या सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा मशीन चालवता येणारी खरीखुरी माणसं हवीत म्हणून तुमच्या शिफ्टमधल्या काही जणांना नेलं होतं. पुढचं आईने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे उभा असल्यासारखं मला दिसतं. तुम्ही प्रेससमोर उभे आहात. दिग्दर्शकाचा मदतनीस ओरडतो, तुम्ही पुढे होता, उजवा हात मशीनच्या अंगाला लावता, तोच हात छातीला लावता आणि मग बटणं दाबता. तो मदतनीस धावत येतो. "काका, हे काय मध्येच? नुसतं बटण दाबायचंय." तुम्ही मान डोलावता. पुन्हा तेच करता. तो वैतागतो, "काका, देवळात नाही उभे तुम्ही!" त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "साहेब, पाया पडल्याबिगर चालू कसं करू? हात घेती ती." तिसऱ्यांदाही हात गेलाच. शेवटी दिग्दर्शक हसला आणि म्हणाला, राहू दे. आणि ते राहिलं. तुम्हाला वाक्य नव्हतं, श्रेयनामावलीत नाव नव्हतं, पण सिनेमा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पडदाभर तुम्ही असता आणि मशीनच्या पाया पडता.

तुम्ही स्वतः त्याची सीडी आणली होती, ती आठवण मात्र माझी आहे. कासारवाडीच्या खोलीत शेजारपाजारचे लोक दाटीने बसलेत, तुम्ही मागे दाराशी उभे आहात आणि तुमचा भाग आला की बाहेर निघून जाता. लाज वाटत असावी. कोणीतरी ओरडतं, "अहो हिरो, आत या की!" तुम्ही बाहेरूनच म्हणता, "बगा तुमी, म्या बगितलंय." नंतर काविळीने तुम्ही गेलात तेव्हा मी दुसरीत होतो. घरात तुमचे फोटो दोनच, एक लग्नातला आणि एक कंपनीच्या ओळखपत्रावरचा, दोन्हीत तुम्ही ताठ उभे. हलणारे, चालणारे, हात पुढे करणारे तुम्ही फक्त त्या सीडीत होता.

आईने ती सीडी जिवापाड जपली आणि जपूनच घालवली. खंडेनवमीला ज्याच्यावर आपलं पोट त्याची पूजा करायची, हे तुमचंच शिकवणं. एकदा मी तुमच्या पान्यावरून उडी मारली तेव्हा तुम्ही कान धरून मला मागे आणलं होतं, पान्याला नमस्कार करायला लावला होता. तर आईने दरवर्षी हत्यारांच्या रांगेत ती सीडीही मांडली. चकचकीत बाजू वर, त्यावर हळद, कुंकू, अक्षता, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने गोल गोल पुसायची. होता होता तुम्ही अडखळायला लागलात. हात मशीनपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा, सगळे चौकोन चौकोन व्हायचे. पिंपरीच्या बाजारात सीडी-मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे आम्ही गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हळद देवाला लावा. ह्याला काय जखम झाली होती का?" आई हसली आणि तिथेच स्टुलावर बसून रडली. चाचांनी टूथपेस्ट लावून घासून पाहिली. एक पैसाही घेतला नाही. पण सीडी गेली ती गेलीच.

म्हणून ॲप आलं तेव्हा मला किती बरं वाटलं असेल ते समजून घ्या. तुमचा सिनेमा त्यात होता, स्वच्छ, सीडीपेक्षा चांगला. तुमच्या शर्टाचा खिसा उसवलेला आहे हेसुद्धा दिसत होतं. आई म्हणाली, "बघ, मी सांगितलं होतं शिवून देते, थांबले नाहीत." मी तिला म्हणालो, "आई, आता याला ओरखडा पडणार नाही. हा कायमचा." हे शब्द माझे होते. कोणी माझ्याकडून वदवून घेतले नव्हते, तरी त्या लोकांच्या वतीने मी माझ्या आईला शब्द दिला. आज राग कसला आला असेल तर त्याचा. मोडायचाच होता तर त्यांनी स्वतःचा शब्द मोडावा, माझा कशाला?

ज्या स्टुडिओने तो सिनेमा काढला होता, त्याने पुढे स्वतःचं ॲप काढलं आणि आपले सगळे सिनेमे पहिल्या ॲपवरून उचलून तिकडे नेले. 'आता आपलं सगळं आपल्याच घरी' अशी जाहिरात होती. आपलं म्हणजे कुणाचं, हे मी तेव्हा विचारलं नाही. गुपचूप तेही घेतलं. मग त्या स्टुडिओला दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतलं, दोन ॲपांचं एक झालं, आणि त्या सामानसुमान हलवण्यात जे फार कोणी पाहत नव्हतं ते काढून टाकलं. चोरीला गेलेलं नाही, जळलेलं नाही. आहे, त्यांच्याकडेच आहे कुठेतरी, फक्त दाखवायचं नाही. शेजाऱ्याला ताक द्यायचं नाही म्हणून ओतून देणारी माणसं मी ऐकली होती, आता पाहिली. आणि फार कोणी पाहत नाही म्हणजे काय? आम्ही वर्षातून एकदा पाहतो. गौरीसुद्धा वर्षातून एकदाच येतात, म्हणून कोणी त्यांचे मुखवटे भंगारात घालत नाही.

कंपनीच्या बसमध्ये हा विषय निघाला. चाकणला पोचेपर्यंत बोलायला वेळ भरपूर असतो, ट्रॅफिक तुमच्या वेळेपेक्षा दसपट आहे. माझ्या शेजारी लातूरचा एक जण बसतो, क्वालिटीत आहे. तो म्हणाला, "भावा, माझ्या मोबाइलमध्ये ॲपच ॲप झालेत. मॅच एकीकडं, सिनेमा दुसरीकडं, बायकोची मालिका तिसरीकडं. आधी कसं, केबलवाला एकच होता. चोर होता, पण शिव्या द्यायला माणूस होता राव! आता शिव्या दिल्या तर म्हणतंय, ॲप अपडेट करा." सगळी बस हसली. मीही हसलो. पुढच्या सीटवरचा मागे वळून म्हणाला, "टेलिग्रामवर मिळतंय सगळं. कशाला सरळमार्गी बनतो?" मी तेही करून बसलो, अप्पा. सिनेमा नाही मिळाला, त्याची गाणी मिळाली. गाण्यात कामगार नसतात.

त्या ॲपच्या पानाखाली लोकांनी लिहिलेलं मी सगळं वाचून काढलं. अर्ध्या शिव्या आहेत. पण मध्येच एका बाईने लिहिलंय की एका सिनेमात तिच्या माहेरचा नदीकाठ होता, आता तिथे धरण आहे, तो सिनेमा परत लावा. प्रत्येकाच्या खाली एकच उत्तर, 'आपला अभिप्राय आमच्या साठी मोलाचा आहे.' 'आमच्यासाठी' हा एक शब्द आहे, एवढंही त्यांना जोडून लिहावंसं वाटत नाही. मीही तक्रार लिहिली. दहावीनंतर शाळा सुटली असली तरी तीनदा वाचून, शुद्ध लिहून पाठवली. मला तेच उत्तर आलं.

मग फोन केला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी आली. आधी हिंदीत बोलली, मी मराठीत बोलल्यावर मराठीत आली. म्हणाली, "सर, ते टायटल सध्या आपल्या लायब्ररीत उपलब्ध नाहीये."

"परत कधी येईल?"

"तशी माहिती नाहीये सर. त्याच कॅटेगरीतले दुसरे सिनेमे मी सजेस्ट करू का?"

"ताई, त्यात माझे वडील आहेत."

"ओह. सर ॲक्टर आहेत का?"

"नाही. प्रेस ऑपरेटर होते."

ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "दादा, मी रिक्वेस्ट टाकते. पण खरं सांगू का, त्या रिक्वेस्ट कोणी बघतं का, ते मला पण नाही माहीत." आणि लगेच तिचा आधीचा आवाज परत आला, "आणखी काही मदत करू शकते का सर?" तिच्यावर मी रागावू शकलो नाही. माझा राग घ्यायला तिला बसवलंय आणि ज्यांच्यावर रागवायचं ते कुठे बसतात ते तिलाही ठाऊक नाही. ही व्यवस्था ज्याने कोणी केली त्याने पूर्ण विचार करून केली आहे.

तर परवा संध्याकाळी हे सगळं मी आईला सांगितलं. म्हटलं, त्यांनी काढून टाकला. तिला पटेना. "काढून टाकला म्हणजे? आपण दरवेळी पैसे देतो ना?" देतो म्हटलं. "मग आपला आहे की." मी म्हटलं, आपला नाही, आपण फक्त बघायचे पैसे देतो. ती टीव्हीच्या काळ्या काचेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सीडी बरी होती रे. माझ्या हाताने तरी खराब झाली." आणि उठून पिकोला आलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागली. पिंपळे सौदागरच्या बायकांच्या साड्या, दिवाळीच्या आत द्यायच्या होत्या. मी तसाच बसलो होतो. घड्या घालता घालताच ती म्हणाली, "तू कामावर मशीन सुरू करतोस, तेव्हा करतोस ना तसं?"

मी हो म्हणालो.

"मग कर की. दाखव."

मला तुमच्यासारखीच लाज वाटली. पण उठलो. खंडेनवमीची सुकलेली माळ अजून न काढलेल्या शिलाई मशीनसमोर उभा राहिलो, उजवा हात मशीनच्या अंगाला लावला, छातीला लावला. आई साडी हातात धरून पाहत होती. "पुन्हा," म्हणाली. पुन्हा केलं. तेव्हा तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "तस्संच. शिकवायला माणूस राहिला नाही, तरी हात तसाच. रक्त आहे शेवटी."

कंपनीतही असंच म्हणतात. तुमच्याबरोबर काम केलेला एक जुना माणूस अजून आहे, तो नव्या पोरांना मला दाखवून म्हणतो, "बापाचा हात हाय ह्याला." मी काही बोलत नाही. आईलाही बोललो नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. हे पत्र कुठे टाकणार? तुमचा मला ठाऊक असलेला शेवटचा पत्ता तो सिनेमा होता. रक्ताचं काही खरं नाही, अप्पा. तुम्हाला मशीनसमोर उभं राहिलेलं मी प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही. कामावर लागायच्या आदल्या दिवशी मी मोबाइलवर तो भाग लावला, थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला आणि आरशासमोर उभा राहून तुमचा हात शिकलो. तळवा पूर्ण टेकतो की नुसती बोटं, मान किती झुकते, हे मला अजून नीट धरून ठेवता येत नाही. दर खंडेनवमीला आई तुम्हाला पाहायची, आणि मी माझा हात तुमच्याशी ताडून घ्यायचो. या वर्षी तो न ताडताच कामावर गेलो.