रविवारची पुडी

प्रिय आई,

काल तुझं पहिलं मासिक श्राद्ध झालं. मी हे सगळं मानत नाही, तुला ठाऊक आहे. तरी आले, कारण शेखरने, तुझ्या धाकट्याने, फोनवर एवढंच म्हटलं, ‘ताई, ये.’ जेवणं उरकल्यावर कमलमावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘आमची ताई चांगली हिंडती-फिरती होती. रोज पुड्या पाजून पाजून घालवली. आपल्यातली सून असती तर डॉक्टरची पर्ची वाचता तरी आली असती.’

तुझी सून दोन पावलांवर भांडी विसळत होती. रश्मीने मान वर केली नाही. मी मावशीच्या शेजारी उभी होते, हातात खिरीची वाटी होती. मी खीर खात राहिले.

तीस वर्षं मी व्यासपीठावरून अंधश्रद्धेविरुद्ध बोलते आहे. सभेत आरडाओरडा झाला, अंगावर माणसं धावून आली, तरी मी वाक्य अर्धं सोडलं नाही. काल एक वाक्य सुरूसुद्धा केलं नाही. खरं काय झालं ते आपल्या तिघींनाच माहीत होतं. तू गेलीस, रश्मी बोलत नाही. म्हणून आज कॉलेजात रजा टाकून लिहायला बसले आहे. मेलेल्या माणसाला पत्र पोचत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तुझ्यासमोर मला कधी खोटं रेटता आलं नाही, तेव्हा सुरुवात तुझ्यापासून.

तुझे गुडघे धरले होते, जिना उतरणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे. साधी गोष्ट. तुला ती व्रतासारखी वाटली आणि तू तिला वार दिलास. ‘डॉक्टरांनी दिवस सांगितला नाही, मी सूर्याचा घेतला,’ असं तूच मला हसत सांगितलंस. रविवारी आंघोळ करून गच्चीत जायचीस, पूर्वेला तोंड करून पुडीचं दूध प्यायचीस, आणि दिवसभर अळणी जेवायचीस. अळणीचा आणि गुडघ्यांचा काय संबंध होता, आई?

काहीच नव्हता. पण त्यात अपायही नव्हता. हे मला तेव्हा दिसलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी आले होते. आदल्या दिवशी मी उपासतापासांवर भाषण देऊन आले होते, अजून अंगात होतं. तू गच्चीतून ओल्या केसांनी खाली आलीस आणि मी सुरू झाले.

‘औषधाला वार असतो का गं आई? आता याचंही व्रत करशील, मग उद्यापन करशील?’

‘अगं, हफ्त्यातून एकदाच घ्यायची आहे. डॉक्टर बोलले.’

‘तुला व्रत करायचं होतं म्हणून तुला एकदा ऐकू आलं. शरीर काय फक्त रविवारी जगतं? गोळी रोज घेतात, टॉनिक रोज घेतात, ही का नाही?’

रश्मी पोहे परतत होती. ती म्हणाली, ‘जीजी, पर्चीवर वीकली लिहिलंय बहुतेक. एकदा पूछ लें क्या?’

‘काही विचारायचं नाही. रोज द्यायची. सकाळच्या दुधात. आणि बंद करायची नाही.’

पर्ची फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती, आई. माझ्यापासून चार हातांवर. मी, जी दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीपसुद्धा सोडत नाही, मी उठून ती वाचली नाही. मी इतिहास शिकवते. औषधातलं मला काय कळत होतं? पण तुझं काहीतरी श्रद्धेचं आहे एवढं दिसलं आणि ते मोडणं हेच शहाणपण, असं मी धरून चालले. पुरावा मागायचा असतो हे मी जगाला सांगत फिरले. त्या सकाळी पुरावा मला हवाच नव्हता.

आणि तू ऐकलंस. याचा मला राग आहे, आई. अण्णा तुझा नवरा, पण त्यांचंही तू कधी निमूट ऐकलं नाहीस. शाळेत शिकवत होतीस तेव्हा मुख्याध्यापकांना तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणालीस. मग माझ्यासमोरच का गप्प बसलीस? मावशीला म्हणालीस म्हणे, ‘विजू बोलते ते वाचून बोलते.’

मल्टीच्या इमारतीखालच्या औषधाच्या दुकानातून रश्मी डबेच्या डबे आणायची. कुणी कागद मागितला नाही. ‘भाभी, ये तो विटामिन है, इसमें क्या पर्चा,’ असं तो दुकानदार म्हणायचा. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. व्हिटॅमिन म्हणजे भाजीपाल्यासारखं, जास्त गेलं तर बाहेर पडेल. काही व्हिटॅमिनं लघवीतून जातात. हे जात नाही. अंगातल्या चरबीत साठत राहतं, रक्तातलं कॅल्शियम चढवत राहतं, आणि ते कॅल्शियम मूत्रपिंडात जाऊन बसतं. हे मी आता वाचलं. आता सगळं वाचलं.

पहिले दोन महिने गुडघे बरे झाले, म्हणून मी जिंकल्यासारखी वागले. मग तुला तहान लागायला लागली. तांब्या उशाशी, तांब्या टीव्हीपाशी. आम्ही म्हटलं, उन्हाळा. सारखं बाथरूमला जायचीस. म्हटलं, पाणी पितेस म्हणून. पोट साफ होईना, तेव्हा इसबगोल. अन्नावरची वासना गेली, आवडीचा भुट्ट्याचा कीससुद्धा पुढे सरकवलास, तेव्हा ॲसिडिटीची गोळी. प्रत्येक त्रासाला आमच्याकडे वेगळं कारण होतं. तू फोनवर म्हणालीस, ‘विजू, हातापायात जीव नाही गं.’ मी काय म्हणाले, आठवतं? म्हणाले, ‘पुडी घेतेस ना? मग दूध वाढव.’

अशक्तपणावर मी तुला तेच औषध वाढवायला सांगत होते ज्याने तू अशक्त होत होतीस.

शेवटी तू मला कमल म्हणून हाक मारायला लागलीस. चहात मीठ टाकलंस. शेखर म्हणाला, वय झालं. मी हो म्हणाले. तुझं डोकं म्हातारं झालं यावर मी किती सहज विश्वास ठेवला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? सगळ्यांच्या आधी मी उत्तर दिलं, ‘फक्त बीपीची. आमची आई उगाच गोळ्या खात नाही.’ केवढ्या ठसक्यात. पुडी मला आठवलीसुद्धा नाही, ती आमच्या लेखी औषध नव्हतीच. त्या उत्तरात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कॅल्शियमचा रिपोर्ट आला, आणि डॉक्टर पुन्हा आले. ‘विटामिन डी, कैल्शियम, कुछ भी? घर में देखिए.’ रश्मी घरी जाऊन पिशवी भरून रिकाम्या पुड्या घेऊन आली. पुडी दुधात घालून झाल्यावर पाकिटं फेकायची नाहीत, डब्यात ठेवायची, ही तिची सांवेरच्या माहेरची सवय. डॉक्टरांनी पिशवी उघडली.

‘रोज़? आठ महीने? किसने बोला रोज़?’

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं, अजून क्षणभर तिने थांबायला हवं होतं, असं मी स्वतःला महिनाभर सांगत आले आहे. तसं नव्हतं. ती पुरेशी थांबली होती. मग ती म्हणाली, ‘मुझे लगा रोज़ की है, सर.’

शेखर तिथेच होता. आणि तू कॉटवर होतीस, डोळे मिटून. आई, तू ऐकलंस ना? तुझी बोटं चादरीवर हलली, ती कुणासाठी हलली?

पुडी त्याच दिवशी बंद झाली, पण डॉक्टर म्हणाले की साठलेलं उतरायला महिने लागतात. तुझ्याकडे महिने नव्हते. सलाईन, इंजेक्शनं, मग डायलिसिस, आणि अकराव्या दिवशी तू गेलीस.

व्रत खरं ठरलं आणि विज्ञान हरलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. उद्या कुणी तसं म्हणालं तर भांडेन. डॉक्टरांचं बरोबर होतं आणि तू डॉक्टरांचं ऐकत होतीस. त्या घरात त्या सकाळी एकच माणूस न तपासता बोलत होतं.

काल मावशी गेल्यावर मी रश्मीला विचारलं, का केलंस? ओला हात पदराला पुसत ती म्हणाली, ‘जीजी, तुमचं नाव मोठं आहे. मी तर तशीही बाहेरची. चार दिन बोलेंगे, फिर भूल जाएंगे.’

विसरणार नाहीत, आई. मी डोळ्यांनी पाहिलं. शेखर आता तिच्या हातून औषध घेत नाही. रोज सकाळी ती पाण्याचा पेला आणि त्याची बीपीची गोळी बशीत घेऊन यायची ना? काल त्याने तिच्यासमोर खिशातून पाकीट काढलं, दोनदा उलटसुलट वाचलं, आणि गोळी स्वतः काढून घेतली. ती पेला धरून उभी राहिली. बावीस वर्षांचा संसार आहे त्यांचा.

पुढच्या रविवारी माझं ज्येष्ठ नागरिकांसमोर व्याख्यान आहे. आधी वाटलं होतं, तिथेच सांगावं. पण मला मी माहीत आहे. तिथे मी हे फार चांगलं सांगेन. आवाज कुठे खाली आणायचा ते मला कळतं. बायका डोळे पुसतील, शेवटी टाळ्या पडतील, आणि रश्मी तिच्या स्वयंपाकघरात होती तिथेच राहील.

म्हणून तुला वचन देते. हे पत्र संपलं की मी मावशीला घेऊन राजेंद्र नगरला, तुमच्या घरी जाणार आहे. शेखर जेवायला घरी येतो, तो समोर असेल, रश्मीही असेल. सूर्याचं, श्रद्धेचं, दुकानदाराचं काही बोलणार नाही. एवढंच म्हणेन, ‘रोज द्यायला मी सांगितलं होतं. रश्मीने विचारलं होतं, मी तिला गप्प केलं.’ आणि पुढे ते जे बोलतील ते मध्ये न बोलता ऐकून घेईन.

तुझी,
विजू