डाव्या बाजूची पिशवी

दादा,

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. आतड्यातली गाठ काढली. आता शौचाची वाट पोटाच्या डाव्या बाजूला केली आहे आणि तिच्यावर पिशवी चिकटवलेली असते. ती कायमची आहे. हे कळलं तर तू आईला घेऊन इकडे निघशील, म्हणून पत्र टाकणार नाही.

पहिले दोन महिने बायकोच पिशवी बदलायची; पिशवीच्या चिकट चकतीला दर वेळी त्या वाटेच्या मापाचं भोक कापावं लागतं. मी भिंतीकडे बघत पडायचो. एकदा ही वैतागून म्हणाली, "जन्मभर शिंपीकाम केलंत आणि चकतीला एवढं भोक मापात कापता येत नाही?" तेव्हापासून मीच कापतो.

सोमवारी दुकान उघडलं. एका मास्तरांच्या कमरेला टेप लावली आणि पिशवीतून चांगलाच आवाज झाला. ते दचकले.

"माझं पोट आहे," मी म्हटलं. "ऑपरेशन झाल्यापासून ते माझं ऐकत नाही."

"माझं तर ऑपरेशनाशिवायच ऐकत नाही," मास्तर म्हणाले. "कमर किती भरली?"

"अडतीस."

संध्याकाळपर्यंत मी आणखी चौघांची मापं घेतली.

तुझा धाकटा