मी दत्ताराम पालव, मोल्डिंग विभाग

३ जून २०२५, मंगळवार

एकशे बारा व्याख्यानं! सोळा वर्षांची! सगळी मी एकटीने ऐकायची, साफ करायची आणि ऑगस्टच्या आत कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायची. हर्षद सर, आमचे डायरेक्टर, म्हणाले, "शर्लिन, एकदम क्लीन पाहिजे. खोकले नको, खुर्च्या नको, पब्लिक नको. फक्त आर्टिस्ट." मग पब्लिक बोलावता कशाला?

आजचा आर्टिस्ट शांततेवर एक तास अडतीस मिनिटं बोलला. मधे जरा गप्प बसला असता तर लवकर समजलं असतं.

५ जून, गुरुवार

हे पालव म्हणजे डोक्याला ताप! शिल्पकलेच्या वर्कशॉपमध्ये प्लास्टरचे साचे काढतात. मालवणकडचे, असल्फ्याला राहतात, हात कायम पांढरे. पण दर रेकॉर्डिंगमध्ये हेच? "कुणाला प्रश्न?" म्हटलं की उभे! माइक गिळतात की काय इतका जवळ धरतात. आणि सुरुवात ठरलेली — "मी दत्ताराम सखाराम पालव, मोल्डिंग विभाग, आज तारीख नऊ फेब्रुवारी दोन हजार बारा. माझो एक प्रश्न आसा. ह्यां करूक किती दिवस लागले?"

पाहुणी देह आणि विस्थापन यावर बोलत होती. तिला विचारतात, किती दिवस लागले! ती म्हणाली, प्रोसेसला कालावधी नसतो. तर पालव, "प्लास्टराक आसता." हॉल फुटला. मी सगळं कापलं. हसणंसुद्धा.

६ जून, शुक्रवार

परत पालव. २०१०. तारखेसकट. कापले.

११ जून, बुधवार

आज कँटीनमध्ये विचारलंच. "पालवकाका, दरवेळी नाव-तारीख कशाला हो? कोर्टात साक्ष देताय काय?"

म्हणाले, "आमच्या गावकीत तशीच रीत, बाय. सभेत उभो रवलो की आधी नाव सांगूचा, घर सांगूचा, मगे बोलूचा. नाव नाय सांगलंस तर तुझा बोलणा कोण धरनत नाय."

इथे घराच्या जागी डिपार्टमेंट. आणि तारीख का? तर नुसते हसले आणि चहाचा ग्लास विसळायला गेले.

मी वैतागून याच वहीच्या मागच्या पानांवर यादी सुरू केली. व्याख्यानाची तारीख, कितव्या मिनिटाला, काय बोलले. आधीची रेकॉर्डिंगंही परत उघडून लिहिली. सरांना दाखवणार आहे — बघा, या एका माणसाने माझा किती वेळ खाल्ला ते. पुढच्या व्याख्यानांना यांना माइक देऊच नका म्हणावं.

१७ जून, मंगळवार

सर्व्हर फुल! सर म्हणाले, "कापून झालं की मूळ फाइल उडव. जुना कचरा कशाला सांभाळतेस?" सत्तर उडवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझं काँट्रॅक्ट तीस तारखेला संपतंय. चार वर्षं झाली, अजून टेम्पररीच. सरांना विचारलं तर, "बघू ना, आधी काम पूर्ण कर." त्यांचं ते "बघू ना" ऐकलं की हेडफोन फेकून मारावासा वाटतो. एवढ्या व्याख्यानांत सर सर्वांत जास्त बोललेत आणि एक वाक्य लक्षात राहील तर शपथ!

२४ जून, मंगळवार

सगळी एकशे बारा साफ. सगळ्या मूळ फाइली उडाल्या. यादीत पालव त्रेसष्ट वेळा.

दुपारी पालवकाका दारात. आत येईनात, पाय प्लास्टरने माखलेले. "बाय, माझो आवाज आसा मां तुझ्याकडे?"

वर्कशॉप एजन्सीला देणार आहेत. काकांना सांगितलं, तुम्ही टेम्पररी, इथे सलग कामाला होतात याची ऑफिसात नोंद नाही. सतरा वर्षं! कामगार संघटनेच्या वकीलबाई म्हणतात, पुरावा आणा, नाहीतर काही करता येणार नाही.

"मस्टरार नाव नाय," काका म्हणाले, "म्हणान मशीनीत सांगत होतंय. नाव, विभाग, तारीख. कधीतरी कोणतरी ऐकतलो."

मी "बघते" म्हणाले. सरांसारखंच.

२५ जून, बुधवार

फ्लॉयडला बोलावलं. भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याचा उपयोग कधी व्हायचा! दोन तास बसला. "शर्ली, त्याच जागेवर तू नवीन फाइली चढवल्यास. वाट लागली. गेलं ते."

साफ केलेल्या एकशे बाराही परत चाळल्या. पालव कुठेच नाहीत. कुठे सांधासुद्धा ऐकू येत नाही, इतकं छान कापलंय मी. थू माझ्यावर.

२७ जून, शुक्रवार

सांगितलं काकांना. वर्कशॉपमध्ये, उभ्यानेच. ओरडतील वाटलं. हातातली पटाशी पुसत राहिले. मग म्हणाले, "तुका सांगलेला काम तू केलंस." त्यापेक्षा कानाखाली द्यायची होती.

बाहेर आले आणि यादी आठवली. तशीच चेंबूरला वकीलबाईंकडे गेले. चाळली त्यांनी. दोन हजार नऊपासून एकही वर्ष सुटलेलं नाही. म्हणाल्या, "हे ऐकताना लिहिलेलं आहे? मग उपयोग होईल. पण पानं फाडून देऊ नका. अख्खी वही लागेल. आणि समोरची बाजूही वाचणार, हे लक्षात ठेवा."

अख्खी वही! म्हणजे हर्षद सर हेडफोनचं वाचणार. मी कचरा उडवून खूश झाले ते काका वाचणार. देवा रे!

२९ जून, रविवार

चर्चमधल्या मिसानंतर मम्माला सांगितलं. "काय गो, उद्या तुझ्या नव्या काँट्रॅक्टचा कागद सही व्हायचा! यादी दुसऱ्या वहीत उतरव नि दे." बरोबर बोलत होती. बसले उतरवायला. नवीन वही, निळं पेन, सुबक अक्षर. अर्धं पान झालं आणि वाचून बघितलं. खोटं वाटत होतं, सगळं एकाच दिवशी बसून रचल्यासारखं. फाडलं.

जेवताना मम्मा भांडी आपटत होती. पण तिनेच वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

३० जून, सोमवार

मी शर्लिन कॉस्मस मिरांडा, रेकॉर्डिंग विभाग, आज तारीख तीस जून दोन हजार पंचवीस. वही माझी, अक्षर माझं. त्रेसष्ट वेळा हा माणूस उभा राहून बोलला, मी स्वतः ऐकला. पुसला तोही मीच.