नानीबाईच्या बाजूची नदी

८ एप्रिल, मंगळवार

सगळं घर शिंकतंय! लेक भरत, सून, दारातलं कुत्रंसुद्धा! चित्रात मावळतीची लाली हवी म्हणून फळीवर डिंक लावला आणि लाल तिखट भुरभुरलं — तेवढ्यात सुनेने पंखा लावला. मी हसून हसून खाली बसले. सून म्हणते, "आत्याबाई, वय काय तुमचं?" म्हटलं, तुझ्या पंख्यापेक्षा जास्त.

हे खूळ नातीचं. मयूरी नंदुरबारला चित्रकला शिकते. कॉलेजात प्रदर्शन आहे. "आजी, लहानपणी पाहिलेलं काहीतरी सांग ना. मिक्स मीडिया करायचंय." म्हणजे मिळेल ते चिकटवायचं. मी सांगितलं, तापी कर, उन्हाळ्यातली. रविवारी घरी आली तेव्हा तिने या फळीवर वाळूत गवत काढलं! तापीच्या वाळूत गवत! ब्रश हातातून ओढून घेतला. परत दिलेला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

जन्म गेला नदीकाठी आणि वाळू आणली कुणाच्या बांधकामावरून. थू! आमची वाळू बॅरेजने अडवलेल्या पाण्याखाली.

निळं लुगडं फाडून पाणी केलं. उसाच्या चोथ्याची आमची खोपी. टरबुजाच्या बिया चिकटवताना तोंडाला पाणी सुटलं. तापलेल्या वाळूवर उड्या मारत ओल्यापर्यंत पळायचं, बुक्कीने टरबूज फोडायचं, कोपरापर्यंत रस! डोक्यावर टिटवी बोंबलायची. बाप तिच्याहून मोठ्याने.

पण फळी अर्धीच भरली. पलीकडचा काठ कोरा. तिकडचं मला माहीतच नाही! लांबून पिवळी माती दिसायची, बस. तिकडे नानीबाईच्या बापाची टरबुजांची वाडी. मधल्या धारेत गुडघाभर पाण्यात आम्ही पोरी एकमेकींना साली फेकून मारायचो.

नानीबाईही याच गावात दिलेली. दोन घरं सोडून राहते. भरतच्या लग्नात मी केलेला पुरणाचा मांडा चारचौघींत उचलून म्हणाली, "हाई मांडा नही, गोधडी शे!" तेव्हापासून बोलणं बंद. मयूरी जन्मलीही नव्हती. आता विचारायला मी जाऊ? जीभ झडली तरी नाही.

११ एप्रिल

मयूरी फोनवर म्हणते, उरलेल्यावर पिवळा रंग मारून टाक. मारून टाक म्हणे! नानी काय पिवळ्या रंगातून यायची?

१२ एप्रिल, शनिवार

दारासमोर निंबाखाली खाट टाकली, खाटेवर फळी. नानी दूध घालायला याच वाटेने जाते. मी मान वर केली नाही. पावलं थांबली.

"काय चिकटाडी ऱ्हायनी वं?"

"नदी."

"उलटी शे."

"तू उलटी!"

खाटेला वळसा घालून समोर जाऊन बसली. तिथून तिचा काठ जवळ, माझा लांब. किटली ठेवली, ओली माती थापली, अंगठ्याने भोकं पाडायला लागली. म्हटलं, उंदीर का?

"तठे राघू ऱ्हायेत, येडी!"

पोपट नव्हे, वेडे राघू. म्हणजे सांजेला आमच्या डोक्यावरून जायचे ते हिरवे राघू तिच्या काठाच्या दरडीतल्या बिळांतून निघायचे! म्हातारी झाले तेव्हा कळलं. राघूंना हिरवं हवं होतं. नानीने दोरीवरचा कपडा ओढून कातरला — सुनेच्या नव्या ब्लाउजचा! सून ओरडतेय, आणि आम्ही खाटेला धरून हसतोय. तिचं दूध नासलं. तिकडे कोणी बघितलंच नाही.

१३ एप्रिल, रविवार

भांडण झालं.

मयूरी आली, फळी बघून नाचली, मग म्हणाली, भिंतीवर टांगायचंय. आता आली का पंचाईत! माझा काठ सरळ धरला तर नानीचे राघू डोक्यावर उभे. तिचा धरला तर माझी खोपी वटवाघळासारखी. नानी म्हणे, राघू सरळच पाहिजेत. मी म्हटलं, फळी माझी.

नानी हात न धुताच उठली. "टांग मग तुन्हीच नदी."

१४ एप्रिल, सोमवार

नानी आज मागच्या गल्लीने दुधाला गेली.

भिंतीला खिळा ठोकला. फळी एकदा अशी टांगली, एकदा तशी. दोन्ही वेळा थोबाडात मारल्यासारखं झालं. खिळा उपटला. मयूरीला सांगितलं, भिंत नको, खाट नेऊ. "आजी, मॅडम चालवून घेणार नाहीत." म्हटलं, मॅडमला विचार, नदी कोणी टांगतं का?

सुनेकडून नानीला निरोप धाडला — खाटेला दोन्हीकडून बसता येतं.

१५ एप्रिल

मॅडम हो म्हणाल्या! नानीचं काही नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी पिकअप दारात आली तर नानी आधीच पुढच्या सीटवर, नाक वर करून! मी मागे, खाटेसोबत. कॉलेजात खाट मांडली, फळी ठेवली, मी माझ्या काठाला टेकले. नानी समोर गेलीच नाही. मला ढुंगणाने ढकललं.

"सरक वं. तुन्हा कडथून मी नदी कधी देखीच नही."

सरकले.