विजेचा ट्रक आणि माझी बढती

२ जून, सोमवार
गिंडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत विजेचा ट्रक आला. आठवडाभर ट्रायल, जबाबदारी माझी. पास झाली की मालकीण विजयलक्ष्मी मॅडम असे दहा घेणार आणि मी फ्लीट मॅनेजर. घरी बायकोला, विद्युलताला, सांगूनही टाकलं. म्हणाली, आधी होऊ तर दे.
संकल्प: दुपारची डुलकी बंद. फ्लीट मॅनेजर डुलक्या काढत नसतात.

३ जून
पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. ड्रायव्हर नारायणस्वामीला ओरडून सांगितलं, स्टार्ट कर. तो म्हणाला, सार, केव्हाच केला. लिंबं चिरडलेली दिसली तेव्हा पटलं. धूर नाही, धडधड नाही, डिझेलचा वास नाही. तीस वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाला यातलं काय कळणार? तासभर फायदे समजावले. तो आपला चार्जिंगचे आकडे वहीत उतरवत बसला. बिचारा.

४ जून, दुपारी ४
बाहेर एक्केचाळीस डिग्री. केबिनची पाहणी केली. एसी उत्तम. सीट पूर्ण मागे जाते. पाहणी अडीच तास चालली. चार्जरचा पंखा फार घोंघावतो, म्हणून तेवढ्यापुरतं चार्जिंग बंद ठेवलं.
ही डुलकी नव्हे. डुलकी बसून काढतात.

५ जून
पुन्हा पाहणी. घरून उशी नेली. नारायणस्वामीची कुरकुर: चार्ज कमी भरतोय. म्हटलं, तुझा पाय जड आहे.

६ जून, संध्या. ७
कोवलमच्या मासळीवाल्यांसाठी बर्फाच्या लाद्या भरल्या. चार्ज नऊ टक्के. (पाहणी जरा लांबली.) नारायणस्वामी नको म्हणत होता. म्हटलं, जिद्द हवी. ईस्ट कोस्ट रोडवर, कोवलमच्या बऱ्याच अलीकडे, ट्रक थांबला. अगदी शांतपणे, तोही एक फायदाच. बर्फ वितळून रस्त्यावर गळू लागला, तसं ते पाणी भरायला आसपासच्या बायका बादल्या घेऊन धावल्या.
रिपोर्ट लिहिला. दोष ड्रायव्हरचा.

७ जून
ट्रक सगळं नोंदवून ठेवतो, हे मला कुणी सांगायला नको? मॅडमनी स्क्रीन दाखवला. रोज दुपारी चार्जिंग बंद, एसी चालू, सीट आडवी. त्या वेळी नारायणस्वामी कॅन्टीनमध्ये असतो, हे अख्ख्या कॅन्टीनने सांगितलं.

९ जून, सोमवार
ट्रायल पास. दहा ट्रक येणार. मॅडम म्हणाल्या, एकच दोष सापडला, तो काढला आहे. फ्लीट मॅनेजर नारायणस्वामी.
माझं टेबल जुन्या डिझेल लॉऱ्यांच्या शेडमध्ये. धूर, धडधड, वास. डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणजे संकल्प पाळलाच की!
संध्याकाळी नारायणस्वामी माझी उशी परत देऊन गेला. अजून सार म्हणतो. घरी विद्युलताने उशीकडे पाहिलं आणि बढतीचं विचारलंच नाही.